बदली शिक्षकाची, अनुभव शाळेचा



बदलीचे आदेश निघाले की शाळेतून एक शिक्षक जातात आणि त्यांच्यासोबत दहा-पंधरा वर्षांचा अनुभवही जातो. कपाटात रजिस्टरं ढीगभर असतात, पण मुलं नेमकी कुठं अडतात ते त्यात सापडत नाही.

आपल्या गडहिंग्लज भागातली कितीतरी मुलं पुण्या-बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तिथंही हीच अडचण. माणूस कंपनी सोडतो आणि अवघड बिघाड कसा सुटला होता, ते त्याच्या डोक्यातच राहतं. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने यासाठी सगळ्यांचे अनुभव एका पोर्टलवर लिहून ठेवायची सोय केली. २००१ च्या सुमारास लिहिणाऱ्याला गुण आणि गुणांवर बक्षीस सुरू झालं. मग काय, लेखांचा पाऊसच पडला! पण त्यात कामाचं शोधणं अवघड झालं. शेवटी त्यांनी बक्षिसावरचा भर कमी केला आणि वाचणाऱ्याला उपयोग किती झाला, याला महत्त्व दिलं.

आपलंही असंच होतं ना? उपक्रमाचे फोटो, लिंक, अहवाल आपण पाठवतो. ग्रुपवर अंगठे येतात. पण उद्याच्या तासाला त्यातलं काय वापरायचं?

मला सर्वात उपयोगी पडलेली नोंद चार ओळींची होती. माझ्या आधीच्या बाईंनी दुसरीच्या वहीत लिहिलं होतं: घरी कन्नड बोलणारी मुलं २७ ऐवजी ७२ लिहितात. कन्नडमध्ये 'इप्पत्तेळु', म्हणजे आधी वीस, मग सात. आपल्या 'सत्तावीस'मध्ये सात आधी. नुसतं पाठांतर घेऊन पाहिलं, जमलं नाही. काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या देऊन 'वीस आणि सात' म्हणून घेतलं, मग जमलं.

त्या वर्षी माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती. ही नोंद नसती तर 'गणितात कच्ची' असा शिक्का तिच्यावर बसला असता. खरं तर तिचं गणित पक्कं होतं, फक्त दोन भाषांचा क्रम उलटा होता.

म्हणून प्रत्येक वर्गाची एक साधी वही ठेवूया. मूल कुठं अडलं, काय करून पाहिलं, काय जमलं नाही आणि काय जमलं, एवढंच लिहायचं. पुढच्याने ते वापरलं की खाली त्याचा अनुभव जोडायचा. पालकांनो, घरी तुम्हाला जे दिसतं तेही सांगा, त्याच वहीत लिहू. बदली झाली तरी ती वही मात्र शाळेतच राहू दे.