ताटातल्या दिशा

मालवणच्या बाजारपेठेत काजूगर व कोकम यांचा व्यापार करणारे एक जैन कुटुंब आहे. घराणे मूळचे खारेपाटणचे. तिथल्या जुन्या मंदिराच्या दर्शनाला आजही वर्षातून एकदा सारे जण जातात. घरातील वडीलधाऱ्यांना सारी पेठ अण्णा म्हणते. काजूगराची प्रत एका पौंडात किती गर बसतात यावरून ठरते. २४० ची प्रत म्हणजे पौंडात २२० ते २४० अखंड पांढरे गर, आणि ३२० ची म्हणजे ३०० ते ३२०. अण्णा मूठभर गर तळहातावर घेत आणि बोटे फिरवून प्रत सांगत. दृष्टी गेल्यावरही त्यांचा हा अंदाज सहसा चुकला नाही. याच बोटांना पुढे स्वतःच्या ताटातली पुरी सापडेना.

अण्णांना काचबिंदू झाला होता. हा विकार बहुधा वेदना न देता, चोरपावलांनी येतो. आधी कडेची नजर जाते, समोरचे बराच काळ स्वच्छ दिसत राहते, आणि त्यामुळे माणूस गाफील राहतो. गोदामात पोत्यांना ठेच लागे, तेव्हा अण्णा नोकरांवर रागावत. जेवताना ताटाबाहेरचा पेला वारंवार कलंडे, तेव्हा घरचे म्हणत, वय झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाईपर्यंत फार उशीर झाला होता. औषधाने व शस्त्रक्रियेने उरलेली दृष्टी राखता येते, गेलेली परत मिळत नाही. घरात एकाला हा विकार निघाला, तर भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीनंतर डोळ्यांतील दाब व दृष्टिनाडी नियमाने तपासून घ्यावी, एवढे येथे सांगितलेच पाहिजे. अण्णांच्या धाकट्या भावाचा काचबिंदू अशाच तपासणीत वेळेवर लक्षात आला.

हिशेब मुलगा वाचून दाखवी, दर अण्णा ठरवीत. दुकान फारसे अडले नाही. अडले ते जेवण.

थोरल्या नातवाचे लग्न कोल्हापूरला झाले. उभ्याने जेवण्याची व्यवस्था होती. एका हातात ताट, दुसऱ्या हातात पांढरी काठी, आणि कोणीतरी ताटात ठेवलेला काटा-चमचा. तिसरा हात आणावा कोठून? गर्दीत धक्का लागला आणि कढीची वाटी व्याह्यांच्या पांढऱ्या शुभ्र धोतरावर उपडी झाली. व्याही सज्जन. ते काहीच बोलले नाहीत, भोवतालचेही बोलले नाहीत. अण्णांना माणसांचे चेहरे दिसत नव्हते, त्यामुळे त्या शांततेत कोणाच्या चेहऱ्यावर काय आहे हे त्यांचे त्यांनाच कल्पावे लागले, आणि त्यांनी वाईटात वाईट तेच कल्पिले.

मालवणला परतल्यावर त्यांनी चारचौघांत जेवणे सोडले. पाहुणे येणार असले की ते आधीच मागच्या पडवीत जेवून घेत. त्यांच्या पत्नी, म्हणजे घरातल्या सर्वांच्या अक्का, मायेने भात, वरण, भाजी, उसळ असे सारे एका खोल वाडग्यात कालवून चमच्यासह हातात देत. सांडत काही नसे. पण काजूच्या उसळीची चव वेगळी, आमटीची वेगळी, मध्येच जिभेला लागणारे कैरीचे लोणचे वेगळे, हे सारे संपले. ते पोटभर जेवत होते, तरी अंगाने खंगत चालले होते. अक्कांच्या ध्यानात ते आले, पण उपाय सुचेना.

उपाय मुंबईहून आला. अंधांना रोजचे व्यवहार शिकविणाऱ्या एक बाई मुलाच्या ओळखीने चार दिवस घरी राहिल्या. त्या स्वतः जन्मांध आहेत. १९०० सालच्या दुष्काळात अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी जी शाळा काढली, त्याच दादरच्या शाळेत त्या शिकलेल्या. पुढे इंग्रजी लेखक म्हणून नावाजलेले वेद मेहता बालपणी याच शाळेत होते. पहिल्याच दिवशी बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, “अक्का, आज वाडगा नको. ताट वाढा, सणाला वाढता तसे.”

अक्कांनी वाढले. मग बाईंनी अण्णांना सांगितले, “अण्णा, ताट म्हणजे घड्याळ समजा. तुमच्या अगदी जवळ सहा, समोरच्या काठाला बारा. बाराला मीठ, अकराला लिंबू, दहाला चटणी, नऊला कोशिंबीर. उजवीकडे दोनला भाजी, तीनला उसळ. सहाला भात.”

अण्णा क्षणभर थांबले आणि हसले. “बाई, हे तर आमच्या आईचेच वाढणे. मिठाची जागा चुकली तर ती सुनेला ताट बदलायला लावी.”

घड्याळाची ही रीत जगभरच्या अंधशाळांत शिकवतात. तिकडे ताटात पदार्थांची ठरलेली जागा नसते, म्हणून दर जेवणाला कोणी तरी जागा सांगाव्या लागतात. आपल्याकडे डावी-उजवी बाजू शेकडो पंगतींनी घालून दिलेली आहे. अण्णांना नवीन शिकायचे थोडेच होते, आठवायचे पुष्कळ होते.

बाकीचे धडे लहान लहान. उजवा हात खरकटा, म्हणून शोधायचे काम डाव्या हाताचे: बोटे टेबलालगत सरकवीत न्यायची, म्हणजे पेला आडवा होत नाही. चमच्याने खाताना घास ताटाच्या उभ्या काठाशी रेटायचा, किंवा पोळीच्या तुकड्याने आडवायचा, म्हणजे तो चमच्यात चढतो. उपाहारगृहात काटा-सुरी आली तर काट्याने आधी पदार्थाचा आकार चाचपायचा, सुरी काट्याला लागूनच चालवायची. आणि तेही नको असेल तर सरळ हाताने जेवायचे, त्यात उणेपणा कसला? भांड्यात पाणी ओतताना भरत जाणारा आवाज चढत जातो, तो ऐकायचा. ज्यांना अंधूक दिसते त्यांना चकाकणाऱ्या स्टीलच्या ताटापेक्षा गडद रंगाच्या ताटातला पांढरा भात चांगला ओळखू येतो, हेही बाईंनी सांगितले. शेजारच्या आजींना त्याचा लगेच उपयोग झाला.

घरच्यांनाही धडे होते. वाढताना नाव घेऊन सांगावे. मान हलवून उत्तर देऊ नये. उठून जाताना सांगून जावे, नाहीतर माणूस रिकाम्या पाटाशी गप्पा मारीत बसतो. आणि “अण्णांना भात हवा का?” हे अक्कांना विचारू नये, अण्णांना विचारावे. हा शेवटचा धडा घराला सर्वांत जड गेला.

एक काटा मात्र बाईंच्या शिकवण्याने निघणारा नव्हता. अण्णा सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. एकदा एक नातलग सहज बोलून गेले, “आता तुम्हाला दिवस काय अन् रात्र काय!” अण्णांना ते फार लागले. अहिंसाव्रताच्या भावनांत आलोकित पानभोजन सांगितले आहे. पाहून खावे, पाहून प्यावे. ज्याला पाहताच येत नाही त्याने काय करावे? त्यांनी हे अक्कांना विचारले. अक्का तेव्हा तांदूळ निवडत होत्या. “मी एवढा वेळ काय करतेय मग?” एवढेच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून अण्णा पश्चिमेच्या पडवीत बसून अंगावरचे ऊन निवताना ओळखतात आणि सर्वांआधी जेवायची हाक देतात.

पंडित सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीच्या रोगाने गेली. तेही व्यापारी घराण्यातले. काशीला जाऊन ते शिकले, बेचरदास दोशींसह त्यांनी सन्मतितर्काचे संपादन केले, १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. आपण त्यांच्या ग्रंथांना वंदन करतो. पण इतकी वर्षे रोज दोन वेळा त्यांच्यापुढे ताट आले असेल, त्याचा विचार कितीजण करतात?

गेल्या उन्हाळ्यात नातीचा साखरपुडा मालवणलाच झाला. आचारी म्हणाला, उभ्याचे जेवण करू, माणसे कमी लागतील. नातीने ऐकले नाही. “पंगतच बसेल. अण्णा माझ्या शेजारी.” अण्णा नको-नको म्हणत होते. शेवटी ती म्हणाली, “तुम्ही पडवीत जेवलात तर मीही पडवीत जेवेन.” पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

वाढपी पेठेतलाच मुलगा. “अण्णानू, हंयसर बसा. भात वाढतंय,” तो प्रत्येक वेळी सांगत होता. अण्णांच्या दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचे तेच व्याही येऊन बसले. अण्णांनी आवाज ओळखला आणि त्यांचा हात ताटावरच थांबला.

“अण्णा,” व्याही म्हणाले, “माझे मीठ बाराला आहे. तुमचे?”

“बारालाच. पण नऊला कोशिंबीर दिसत नाही.”

“माझ्याकडेही नाही. अहो, कोशिंबीर इकडे आणा, दोन ताटे राहिली!”

शेवटी शिरवाळे आले. वाढप्याने नारळाच्या गोड रसाची धार वाटीत सोडली. अण्णा मान किंचित कलती करून ऐकत राहिले. आवाज चढत गेला, आणि वाटी काठोकाठ भरण्याच्या बोटभर आधी त्यांनी हात आडवा धरला.

“पुरे.”