आसगावहून गुलमर्गला : एका हंगामाची तयारी

ऑक्टोबरमध्ये आमच्या आसगावात हलका धान कापणीला आलेला असतो आणि भारी धान अजून बांधीत उभा असतो. अशाच एका संध्याकाळी, मगरिबनंतर, माझा मुलगा चहाचा कप हातात धरून म्हणाला, "अम्मी, या हिवाळ्यात मला गुलमर्गला सिझन करायचा आहे."

त्याची दादी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, "मिरची तोडायला?"

आम्ही सगळे हसलो, पण दादींचे काही चुकले नव्हते. आमच्या पवनी-लाखांदूरच्या चौरास भागात 'सिझन' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. धानाची कापणी-मळणी आटोपली की कितीतरी कुटुंबे तेलंगणात मिरची तोडायला जातात. परत येतात तोवर मोहफुले आणि मग तेंदूपत्ता. गाव सोडायचे, दोन-चार महिने परक्या ठिकाणी राहायचे, पैसे गाठीला बांधून परत यायचे, याला इथे सिझन म्हणतात. फरक एवढाच की आमच्या मुलाच्या हंगामात मिरचीऐवजी बर्फ होता.

त्याने नागपुरात हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला आहे. दीड वर्षापासून तिथल्याच एका हॉटेलात तो कामाला होता. पगार तेरा हजार, त्यातले सहा हजार खोली आणि खानावळीत जायचे. त्याच्याबरोबर शिकलेला एक मुलगा मागच्या हिवाळ्यात गुलमर्गला काम करून आला होता. त्याच्यामार्फत निरोप आला की डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत माणसे हवी आहेत. पगार पंधरा हजार, राहणे-जेवण हॉटेलकडे. म्हणजे पगार जवळजवळ पूर्ण हातात. शिवाय सुट्टीच्या दिवशी स्की शिकता येईल, हे त्याच्या मनातले खरे आमिष.

त्याच्या अब्बूंनी एकच प्रश्न विचारला, "आणि एप्रिलमध्ये काय?" नागपूरची नोकरी सोडून जायचे म्हणजे ती परत मिळेलच असे नाही. मुलाचे उत्तर तयार होते. एप्रिल-मेमध्ये महाबळेश्वर, त्यानंतर जमल्यास लडाख, तिथला हंगाम उन्हाळ्यातच असतो. अब्बू गप्प बसले. कायमची नोकरी शोधणाऱ्या आमच्या पिढीला हे ऐकून धडधडते.

माझी भीती वेगळी होती, आणि ती कोणती हे वाचक भगिनींना सांगायला नको. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ जणांना मारण्यात आले. त्यात आपल्या महाराष्ट्राचे सहा पर्यटक होते. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला घोडेवाला सय्यद आदिल हुसैन शाह हाही गेला. तो त्याच्या घरचा कमावता मुलगा होता. त्या बातमीनंतर काश्मीर म्हटले की मला आधी त्याच्या आईचा चेहरा आठवतो. मुलाला मी तेव्हा हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघे जाऊन बघून येऊ," एवढेच म्हणाले. मी शिक्षिका आहे. सहल नेण्याआधी जागा बघून यायची सवय आहे.

निघण्याआधी मी शालवाल्या चाचांना फोन केला. दरवर्षी नोव्हेंबरात ते बारामुल्ला भागातून येतात, पवनीत खोली घेतात आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत गावोगाव शाली, फेरन विकतात. उधारीही देतात. माझ्या लग्नाची शाल त्यांच्या वालिदांकडून घेतलेली आहे. गुलमर्ग त्यांच्याच जिल्ह्यात. त्यांनी हिवाळ्याचा हिशेब सांगितला : २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलान, म्हणजे सगळ्यात कडक थंडी, मग वीस दिवस चिल्ला-ए-खुर्द, मग दहा दिवस चिल्ला-ए-बच्चा. आपल्याकडे शेतकरी मृग, आर्द्रा अशी नक्षत्रे मोजतो, तसे तिथे हे चिल्ले मोजतात. शेवटी म्हणाले, "बाजी, आमची मुले या दिवसांत तुमच्याकडे येतात. तुमचे एक आमच्याकडे गेले तर बिघडले काय?"

नागपूरहून जम्मूकडे रेल्वेने दीड दिवस. पुढे कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत आता रेल्वे आहे. जून २०२५ मध्ये ती सुरू झाली. बोगद्यामागून बोगदा आणि मधेच चिनाबवरचा पूल, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच. मुलगा खिडकीला चिकटला होता, मी तस्बीह हातात धरून बसले होते. बनिहालचा लांब बोगदा संपला आणि खोरे उघडले. समोर धानाची शेते! कापणी झालेली, धसकटे उरलेली, आणि मधे मधे रचलेले पुंजणे, थेट आसगावसारखे. ज्या मुलखाची मला धास्ती होती तिथली माणसे दोन्ही वेळा भात खातात, हे मला माहीत होते. पण ते पुंजणे बघून मन थोडे सैल झाले.

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. टंगमर्गपर्यंत सरळ रस्ता, तिथून तेरा किलोमीटर देवदारांमधून वळणावळणाचा चढ. बर्फ पडला की याच रस्त्यावर गाडीच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात, आणि जास्त पडला तर रस्ताच बंद. आमचे आसगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर. गुलमर्ग २,६५० मीटरवर. गाडीतून उतरून शंभर पावले चालले तर मला दम लागला.

ऑक्टोबरअखेरचे गुलमर्ग फोटोत दिसते तसे नसते. हिरवे नाही, पांढरेही नाही. पिवळसर गवताचे मोठे मैदान, भोवती काळपट देवदार, वर अफरवतच्या माथ्यावर बर्फाची पुसट रेघ. घोडेवाले उन्हात बसलेले. स्लेजगाड्या हॉटेलांच्या मागे उलट्या करून ठेवलेल्या. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान यूसुफ शाह चक याने या जागेला गुलमर्ग हे नाव दिले, असे सांगतात. स्कीचा खेळ इथे इंग्रजांनी आणला, १९२७ मध्ये त्यांनी इथे क्लब काढला. पुढे सरकारने स्की आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था उभी केली, ती आजही तरुणांना शिकवते. पण गावाचे नशीब पालटले ते गोंडोलाने. १९९८ मध्ये पहिला टप्पा कोंगडुरीपर्यंत सुरू झाला, २००५ मध्ये दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर गेला. तेव्हापासून परदेशातले स्कीवालेही येतात आणि हिवाळा हा इथला कमाईचा काळ झाला आहे.

ही माहिती मुलाने आधीच पाठ केली होती. मला दिसले ते वेगळे. गुलमर्ग हे आपल्या अर्थाने गाव नाही. हॉटेले, दुकाने, मशीद, मंदिर, चर्च सगळे आहे, पण इथे काम करणारी बहुतेक माणसे खालची, टंगमर्ग आणि बाबा रेशींच्या दर्ग्याच्या बाजूच्या गावांची. सकाळी वर येतात, संध्याकाळी खाली जातात. रात्री इथे मुक्काम करणारा नोकर म्हणजे बाहेरचा. माझा मुलगा तो बाहेरचा होणार होता.

हॉटेलच्या मॅनेजर साहेबांना मी म्हणाले, "मला खोली बघायची आहे. पाहुण्यांची नाही, मुलांची." ते जरा दचकले, पण त्यांनी दाखवली. स्वयंपाकघराच्या मागे सहा पलंगांची खोली, मधे लाकडावरची बुखारी. मी आधी खिडकी उघडते का ते पाहिले. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवून झोपल्याने काश्मीरात हिवाळ्यात माणसे गुदमरून जातात. बुखारीचा धूर नळीने बाहेर जातो, रात्री ती विझवतात, आणि पलंगावर विजेची गरम चादर असते, असे त्यांनी सांगितले. नळ गोठू नये म्हणून रात्रभर बारीक धार सोडून ठेवतात. जेवणात भात दोन्ही वेळा. दवाखान्यासाठी खाली टंगमर्ग.

मग मी वहीतला मुख्य प्रश्न विचारला, "आणि बर्फ पडलाच नाही तर?"

ते हसले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे मैदान असेच पिवळे राहिले होते, बर्फ आला तो महिनाअखेरीस. तोवर बुकिंग रद्द झाली होती. २०२५ मध्येही बर्फाअभावी 'खेलो इंडिया'चे हिवाळी सामने फेब्रुवारीतून मार्चमध्ये न्यावे लागले. "मॅडम, पाहुणे नसतील तर आम्ही मुलांना लवकर सोडतो," ते म्हणाले. म्हणजे रोवणी करून पावसाची वाट बघणारा शेतकरी आणि हा धंदा एकाच नावेत. मी म्हणाले, "ठीक आहे, पण काय ठरले ते कागदावर लिहून द्या. किती दिवस आधी सांगणार, तोपर्यंतचा पगार किती, परतीचे तिकीट कोण देणार." घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी हे आपण मुलांना शिकवतो. मजुरी मागायलाही शिकवले पाहिजे. त्यांनी पंधरा दिवसांची पूर्वसूचना आणि परतीचे भाडे लिहून दिले.

सगळे जमले, आणि अडले ते ईदपाशी. या हंगामात रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि ईद २० मार्चच्या आसपास येते. करार ३१ मार्चपर्यंत. मॅनेजर साहेब स्पष्ट बोलले, "ईदला खालची सगळी मुले घरी जातात. त्या आठवड्यासाठीच तर आम्हाला बाहेरची मुले लागतात." मुलगा म्हणाला, "मीही मुसलमान आहे, साहेब." ते म्हणाले, "तेही खरे आहे. पण पाहुण्यांना चहा कोणीतरी द्यायलाच हवा."

मला राग आला, मग लक्षात आले की ते खोटे बोलत नव्हते. दर ईदला रेल्वेत, इस्पितळात, पोलीस ठाण्यात आपली किती मुले कामावर असतात. आपल्या घरच्या ताटापुढे ती आठवत नाहीत, एवढेच. मी मुलाकडे पाहिले. निर्णय त्याचा होता. तो म्हणाला, "ईदच्या नमाजची सुट्टी लेखी द्या. बाकी मी थांबतो." तेही कागदावर आले.

परतल्यावर तयारी सुरू झाली. राज्याबाहेरचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही, म्हणून पोस्टपेड घेतले. जाड कपड्यांचे एक मोठे जोडण्यापेक्षा पातळ थर तीन, लोकरी मोजे चार जोड, आणि बर्फात न घसरणारे बूट; यावर पैसे वाचवायचे नाहीत. उन्हात बर्फ डोळ्यांवर येतो, त्यासाठी काळा चष्मा. वुजूसाठी चामडी मोजे, म्हणजे बर्फाळ पाण्यात वेळोवेळी पाय घालावे लागणार नाहीत, वरून मसह करता येईल. एक अट मी घातली : स्की शिकायची ती संस्थेत, आखलेल्या उतारावर. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवतच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीवाले गेले. ते अनुभवी होते.

सगळ्यात मोलाचा सल्ला मात्र शेजारच्या काकूंनी दिला. त्या बारा वर्षे मिरचीच्या सिझनला जातात. मुलाला बोलावून म्हणाल्या, "बाबू, हिशेब रोजचा रोज लिहून ठेव. शेवटच्या दिवसावर ठेवू नको. शेवटच्या दिवशी सगळ्यांना घाई असते." ते वाक्य त्याने नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. धान मळून झाला होता. दादींनी पिशवीत पाच किलो नवा तांदूळ घातला. "तिथे भात मिळतो, दादी," तो म्हणाला. "मिळत असेल," त्या म्हणाल्या, "पण हा ईदला शिजव." इतके दिवस त्या ईदबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या.

दोन दिवसांनी शालवाले चाचा दारात आले. ओसरीवर बसून चहा घेतला, मुलाची चौकशी केली. मी विचारले, "चाचा, तुमची ईद यंदा घरी ना?" ते म्हणाले, "फेब्रुवारीत वसुली झाली तर घरी, इन्शाअल्लाह." वसुली झाली तर. मागच्या वर्षीच्या शालीचे चारशे रुपये माझ्याकडेच बाकी होते. उठून आत गेले आणि ते आणून त्यांच्या हातात ठेवले.