चार बोटांचं अंतर

कोजागरीच्या रात्री भेडाघाटला काढलेल्या फोटोत आकाश निळं येतं. नर्मदेच्या दोन्ही अंगांना उभे असलेले संगमरवरी कडे कुठे पांढरे, कुठे पिवळट, कुठे काळपट दिसतात, पाण्याला हिरवी झाक येते. आकाशात चांदण्या आहेत म्हणूनच ती रात्र आहे हे कळतं. काठावर ट्रायपॉड रोवून बसलेल्या हौशी फोटोग्राफरला मात्र त्या वेळी यातलं काहीच दिसलेलं नसतं. त्याने पाहिलेले असतात रुपेरी, जवळजवळ बिनरंगी कडे आणि काळंभोर आकाश. मग तो जबलपूरला घरी परततो, संगणकासमोर बसतो, निळा रंग उतरवतो, उजेड दाबतो आणि फोटो ‘रात्रीचा’ करतो. या दुरुस्तीने फोटो खरा होतो की खोटा?

कॅमेऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. पौर्णिमेचं चांदणं म्हणजे चंद्रावरून उलटून आलेला सूर्यप्रकाशच. भर उन्हाच्या सुमारे चार लाख पटींनी मंद, पण रंगांची शिदोरी तीच. हवेतल्या रेणूंवर तो विखुरतो तो दिवसासारखाच, म्हणून पौर्णिमेचं आकाश खरोखरच निळं असतं. एफ ४, आयएसओ ८००, तीस सेकंद असं गणित मांडलं की चांदण्यातला भेडाघाट दुपारच्या भेडाघाटाइतका उजळ निघतो. कमी पडतो तो डोळा. अंधारात काम करणाऱ्या त्याच्या दंडपेशींना रंग ओळखता येत नाहीत. म्हणजे कॅमेऱ्याने खरं तेच टिपलं, डोळ्याने अर्धंच पाहिलं आणि फोटोग्राफरने अर्ध्याच्या बाजूने कौल दिला. तरीही तो उतरवलेला, काळोखा फोटोच पाहणाऱ्याला पटतो. ‘हो, असंच होतं,’ असं त्या रात्री नावेत बसलेला माणूस त्याच फोटोकडे पाहून म्हणतो.

खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. डोळा आणि कान यांच्यामध्ये चार बोटं ठेवून पाहावीत, बरोबर मावतात. पाहिलेलं ते खरं, ऐकलेलं ते खोटं. निवाडा करायला सोपी अशी ही म्हण. पण आकाशाचे फोटो काढणारा माणूस तीच बोटं चेहऱ्यावरून काढतो आणि हात लांब करून आभाळावर धरतो, तेव्हा ती मापाचं साधन होतात. पुढे ताणलेल्या हाताची करंगळी साधारण एक अंश झाकते, मधली तीन बोटं पाच अंश, वळलेली मूठ दहा. जबलपूर २३ अंश अक्षांशाच्या किंचित वर आहे, म्हणून तिथे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून दोन मुठी आणि वर दोन बोटं इतकाच उंच दिसतो. इतक्या खाली धूर, धूळ आणि शहराचा पिवळट उजेड ठाण मांडून असतात. ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर लावायचा तर आधी हा ध्रुव सापडायला हवा, आणि ध्रुवतारासुद्धा नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही, अंशाच्या दोनतृतीयांश भागाने बाजूला आहे. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षा ही चूक मोठी. ती सोसून ट्रॅकर लावला, तर अर्ध्या तासाच्या फोटोत प्रत्येक तारा शेपटासारखा ओढला जातो.

चार बोटं म्हणजे आकाशात अंदाजे सात अंश. मृगाच्या पट्ट्यातले तारे हे अंतर अर्ध्या तासात कापतात. आणि दोनच बोटं ईशान्येला नेमक्या जागी धरली तर त्यांच्याआड अख्खी देवयानी दीर्घिका झाकली जाते. ती सुमारे तीन अंश लांब आहे, शेजारी शेजारी ठेवलेल्या सहा पूर्णचंद्रांएवढी. बोटं काढली तरी नुसत्या डोळ्यांना दिसतो तो फक्त तिच्या गाभ्याचा पुसट ठिपका. बाकीची सगळी दीर्घिका तिथेच असते, दिसत मात्र नाही. ती वळणावळणाची आहे हे जगाला कळलं १८८८ साली, आयझॅक रॉबर्ट्स या वेल्श हौशी खगोलनिरीक्षकाने तासन्‌तास प्रकाश साठवून घेतलेल्या काचेच्या प्लेटवरून. त्याच्या पाच वर्षं आधी ए. ए. कॉमन या सांडपाण्याच्या कामांतल्या अभियंत्याने ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढला, आणि त्यात असे तारे उमटले जे त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नव्हते. तिथून पुढे म्हणीचं काय करायचं? हे पाहिलेलं नाही. ऐकलेलंही नाही. डोळा आणि कान यांच्यामधल्या त्या चार बोटांतच कुठेतरी ते बसतं.

या गोष्टीचं सगळ्यांत लख्ख उदाहरण महाराष्ट्रातच घडलं, आणि त्याविषयी मराठीत फारसं बोललं जात नाही, याची खंत वाटते. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून देशावर चढली आणि तिरकी उत्तर-पूर्वेला गेली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर तळ ठोकून होते. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याहून प्रा. नायगमवाला आले होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही. जबलपूरच्या पूर्वेला शहडोलमध्ये खुद्द इंग्लंडचे राजज्योतिषी क्रिस्टी होते. या सगळ्यांजवळ मोठी साधनं, सरकारी पाठबळ. वऱ्हाडातल्या तळणी या गावी मात्र ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची, म्हणजे मुख्यतः हौशी मंडळींची तुकडी उतरली होती, आणि तिच्यात होत्या ॲनी माँडर. ग्रिनिचच्या वेधशाळेत त्या आकडेमोडीच्या नोकरीत होत्या. १८९५ मध्ये लग्न झालं तशी नोकरी सुटली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत बाईला सभासद होता येत नव्हतं, ते दार उघडायला १९१६ साल उजाडावं लागलं. गर्टन कॉलेजच्या मदतीतून घेतलेला त्यांचा कॅमेरा छोटासाच, भिंग दीड इंच व्यासाचं. आणि त्या दीड इंचाने त्या काळापर्यंत कुणीही न टिपलेला इतका लांब प्रभामंडळाचा झोत टिपला, सूर्याच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब. तळणीच्या शेतात उभ्या माणसांना तो झोत तेवढा दिसला नव्हता.

आता गंमत अशी की त्या काळी असा फोटो छापणं कठीण होतं. प्लेटवर सूर्याजवळचा भाग अतितेजस्वी आणि कडेचा भाग अतिमंद. कागदावर एक धरावा तर दुसरा बुडतो. म्हणून सोसायटीच्या कचेरीतले डब्ल्यू. एच. वेस्ली प्लेट्स जवळून निरखत आणि त्यावरून प्रभामंडळाची चित्रं हाताने काढत. १८७१ साली दक्षिण भारतात दिसलेल्या खग्रास ग्रहणाच्या प्लेट्सपासून त्यांचं हे काम चालू होतं. डोळ्याला न दिसलेलं कॅमेऱ्याने पाहिलं, आणि कॅमेऱ्याने पाहिलेलं वाचकापर्यंत पोचवायला पुन्हा एक डोळा आणि एक हात लागला. आज चेक गणितज्ञ मिलोस्लाव द्रुकम्युलर ग्रहणाचे कितीतरी फोटो गणिताने एकत्र करून तेच करतात, आणि त्यांच्या चित्रांतले प्रभामंडळाचे धागे पाहून वैज्ञानिक अभ्यास करतात. वेस्लींच्या पेन्सिलीला आपण चित्र म्हणतो आणि द्रुकम्युलरांच्या गणिताला फोटो. ही रेघ नक्की कुठे ओढायची, हे विचार करत जावं तसं अधिकच धूसर होतं.

त्याच ग्रहणाची दुसरी गोष्ट बक्सरची. तिथे रेव्हरंड बेकन यांनी चलच्चित्राचा कॅमेरा आणला होता, इंग्लंडमधले प्रसिद्ध जादूगार नेव्हिल मॅस्केलिन यांनी तयार केलेला. ग्रहण टिपलं गेलं, पण परतीच्या प्रवासात फिल्म चोरीला गेली. मॅस्केलिन यांनी १९०० साली अमेरिकेत पुन्हा ग्रहण चित्रित केलं आणि ती फिल्म अजून आहे. बक्सरची मात्र नाही. ती काढली होती हे आपण फक्त ऐकतो; म्हणीप्रमाणे ते खोट्याच्या खात्यात जायला हवं, आणि तसं मानायला मन अजिबात तयार होत नाही.

जबलपूरच्या हौशी माणसाला आज दीड इंचाहून कितीतरी मोठं भिंग परवडतं. त्याची अडचण निराळी. पावसाळ्याचे महिने जातातच, थंडीत धुकं, आणि शहराच्या दिव्यांमुळे बरगी धरणाच्या बाजूला किंवा आणखी लांब जाणं भाग. नागपूरच्या वाटेवर पेंच लागतं; त्याच्या महाराष्ट्रातल्या व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. वाघासाठी राखलेलं जंगल काळोखासाठीही राखलं जातंय, ही फार आनंदाची बातमी आहे. तिथवर जाऊन तो मृगातल्या तेजोमेघावर कॅमेरा रोखतो, एकामागून एक फोटो घेतो, मग झाकण लावून नुसत्या अंधाराचेही घेतो, कारण तापलेला सेन्सर स्वतःच खोटे ठिपके निर्माण करतो आणि ते वजा करावे लागतात. कॅमेऱ्यातली गाळणी हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते, म्हणून काहीजण ती काढून घेतात. मग तेजोमेघ लालभडक येतो. दुर्बिणीतून तो राखाडी, फार तर हिरवट दिसतो. भेडाघाटला जास्तीचा रंग उतरवणारा हाच माणूस इथे जास्तीचा रंग मिळावा म्हणून धडपडतो, आणि दोन्ही वेळी प्रामाणिक असतो.

शेवटी सगळे फोटो एकावर एक रचले जातात. सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूची सरासरी काढतं आणि एकाच फोटोत आलेलं, बाकीच्यांत नसलेलं असं काही सापडलं तर ते वगळून टाकतं. त्या रात्री मृगावरून एखादा उपग्रह सरकत गेलेला असतो. ट्रायपॉडशेजारी उभ्या माणसाने मान वर करून तो पाहिलेलाही असतो, बोट दाखवून सोबत्याला दाखवलेलाही असतो. रचलेल्या चित्रात तो उरत नाही. डोळ्याला कधीच न दिसलेला लाल ढग तेवढा उरतो. उपग्रहाची रेघ असलेला तो एकटा फोटो काहीजण वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवतात. कशासाठी, हे त्यांनाही सांगता येत नाही, आणि तो फेकून देणाऱ्यांनाही आपण बरोबर केलं याची पुरती खात्री असतेच असं नाही.