मुलीचे नाव नाओमी ठेवा, पण नाओमी कोण ते तिला सांगा



मुलीचे नाव काय ठेवायचे हा प्रश्न आपल्यासाठी कधीच साधा नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वर्णावरून नाव ठरवून दिले आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंदेचे! आमच्या आज्या-पणज्या धोंडाबाई, दगडाबाई, कचराबाई होत्या. नजर लागू नये म्हणून अशी नावे ठेवली, असे म्हातारी माणसे सांगतात. ती इतर जातींतही होती. पण आमच्या वस्तीतल्या कचराबाईला गाव 'कचरे' म्हणूनच हाक मारत होते.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांत सुजाता, यशोधरा, संघमित्रा, गौतमी, आम्रपाली आल्या. नाव बदलणे ही आमची हौस नव्हती, ते बंड होते.

आता बीड जिल्ह्यातील आमच्या वस्त्यांत नामकरणाच्या वेळी तरुण आई-बाप मोबाईलवर नावे शोधतात. नाओमी, कियारा, जीजी, बेला. विदेशी मॉडेलचे नाव पाहिले की आपले काही कार्यकर्ते नाराज होतात. "चळवळ विसरले," म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना जात ओळखू येणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने टाकून द्यायला सांगितले होते. चांगले दिसणे आणि चांगल्या नावाने ओळखले जाणे, हा आपला हक्क आहे. तो कोणाला विचारून घ्यायचा नाही.

आमचे म्हणणे वेगळेच आहे. मोबाईलवरची यादी नाव देते, त्या नावामागचा संघर्ष सांगत नाही. नाओमी कॅम्पबेल ऑगस्ट 1988 मध्ये फ्रान्सच्या 'व्होग' मासिकाच्या मुखपृष्ठावर आली. त्या मुखपृष्ठावरची ती पहिली काळी स्त्री. इमान सोमालियातून परागंदा झालेल्या कुटुंबातली. पुढे 1994 मध्ये तिने सावळ्या-काळ्या कातडीच्या स्त्रियांसाठी प्रसाधनांची स्वतःची कंपनी काढली. अलेक वेक दक्षिण सुदानच्या यादवीतून निर्वासित होऊन 1991 मध्ये लंडनला आली. गोरेपणालाच सौंदर्य मानणाऱ्या बाजारात या बायका काळ्या रंगानिशी ताठ उभ्या राहिल्या. आणि आपण? मुलीचे नाव नाओमी ठेवतो आणि पुढच्याच महिन्यात तिला गोरे करणारी क्रीम आणतो. काळी म्हणून तिच्या लग्नाची काळजी करतो. मग ते नाव कशाला ठेवले?

नावाआधी मुलगी जन्माला यावी लागते, हे बीडमध्ये वेगळे सांगायला नको. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. 2011 मध्ये त्या 807 राहिल्या. त्याच 2011 च्या ऑक्टोबरात साताऱ्यात 'नकोशी' नावाच्या 285 मुलींना समारंभात नवी नावे दिली गेली. काहींनी सिनेमातल्या नट्यांची नावे घेतली. त्यात हसण्यासारखे काही नाही. आपण नकोशा आहोत हे रोज शाळेच्या हजेरीत ऐकणाऱ्या पोरीने ऐश्वर्या व्हावे, यात गैर काय?

पण नाव बदलले म्हणजे जगणे बदलत नाही. धारूर-वडवणीकडून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जोड्या निघतात. पोर फडावर जन्मते, तिची नोंद राहून जाते. पुढे शाळा सुटते आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्नाचे बोलणे सुरू होते. नाओमीसुद्धा मग कोयत्याची अर्धी जोडी बनते.

म्हणून तरुणांनो, नामकरणाला जाताना तीन गोष्टी करा. जन्माची नोंद 21 दिवसांत झाली का, ते विचारा. नोंद झाली असेल आणि दाखल्यावर नाव नसेल, तर वर्षभर ते शुल्काशिवाय घालता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मोबाईलवरचे नाव दाखल्यावर आले पाहिजे. दुसरे, आई-बाप कारखान्यावर गेले तरी मुलीची शाळा कोण सांभाळणार, ते त्याच दिवशी ठरवा. तिसरे, त्या नावाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगा. सुजाता असो की नाओमी, मुलीला आपले नाव कोणाचे ते कळू द्या.

मनूने स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे आणि मनाला आवडणारे असावे, एवढेच पाहिले. आपण पाहायचे ते हे की, ती नाव सांगताना मान खाली घालणार नाही.

जय भीम!