कर्नलावर घेतलेला आळ

आमच्या शाळेच्या संगणककक्षांत सर्व यंत्रांवर लिनक्स ही प्रणाली चालते. स्नेहसंमेलन आटोपून सहा दिवस झाले असतील. इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें खिडकीजवळच्या यंत्रावर नव्या आवृत्तीच्या सूचनेस होकार दिला, आणि नवा कर्नल बसला. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. डिस्क, पडदा, कळफलक या सर्वांशीं व्यवहार करणारा तोच. आपल्या छावणींतील कर्नलसाहेबांशीं त्याचें कांहीं नातें नाहीं, हें पालकांसाठीं सांगितलेलें बरें!

दुसऱ्या दिवशीं पडद्यावर डिस्कच्या चुकांच्या ओळींमागून ओळी येऊं लागल्या. शेवटीं प्रणालीनें डिस्क केवळ वाचण्यापुरती खुली ठेविली. लिहिण्यास साफ मनाई. या वार्षिकासाठीं मुलांनीं टंकलेले बावीस निबंध तिच्यावरच होते, आणि त्यांची दुसरी प्रत ठेवण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें. घाईघाईनें पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, तों एकोणीस निघाले, तीन निघेनात. आम्हीं त्या मुलास सर्वांसमक्ष फार बोललों. त्याचा स्वतःचा निबंध त्या तिहींतच होता.

आमचा संशय अगदींच निराधार नव्हता. सन २०२३ च्या डिसेंबरांत ६.१.६४ या कर्नलांत डिस्कवरील मजकूर बिघडविणारा दोष आढळला होता; डेबियनच्या मंडळींनीं आपली १२.३ ही आवृत्ति रोखून धरिली व १० डिसेंबर रोजीं दुरुस्तीसह १२.४ प्रसिद्ध केली. हें आम्हीं वाचलेलें. म्हणून निकाल देण्यास उशीर लागला नाहीं.

तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, जुन्या कर्नलावर चूक येते का, तें पाहूं या का?"

यंत्र सुरू होतांना ग्रबची यादी उघडतां येते. तींत आधींचा कर्नल राखून ठेविलेला असतो. तो निवडला. अर्धा तास सर्व शांत. आम्ही समाधानानें मान डोलावणार, तोंच तीच ओळ पुन्हां हजर!

मग डिस्क स्वतः आपल्या प्रकृतीची जी नोंद ठेविते ती पाहिली. बिघडलेल्या खणांची संख्या शून्य. परंतु १९९ क्रमांकाची नोंद, म्हणजे केबलमधून येतांजातां बिघडलेल्या माहितीची गणती, वाढत चालली होती. डिस्क धड होती, वाट नादुरुस्त होती. प्रणालीची जुनी दैनंदिनी चाळली, तेव्हां अशा तुरळक चुका नवा कर्नल येण्यापूर्वींच्याही सांपडल्या. त्यांतली पहिली स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवसाची. संमेलनासाठीं जागा करावयाची म्हणून ती पेटी उचलून व्हरांड्यांत कोणीं ठेविली होती? आम्हींच. ठेवितांना ती आपटलीही होती, तें आतां आठवलें.

पैठण गेटजवळून नवी केबल आणिली. १९९ ची गणती मागें जात नाहीं; ती वाढणें थांबलें, एवढेंच पाहावयाचें असतें. ती थांबली. मग पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून डिस्कची तपासणी केली, कारण डिस्क वापरांत असतां ती दुरुस्त करणें धोक्याचें. उरलेले तीनही निबंध अक्षरन् अक्षर मिळाले.

सोमवारीं पहिल्या तासास आम्हीं वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. तो खालीं पाहत राहिला. थोड्या वेळानें म्हणाला, "सर, माझ्या निबंधांत दोन चुका राहिल्या आहेत, आतां सुधारूं का?"