तारा मंदावला तेव्हा

मी ज्या ताऱ्यावर पीएचडी करत होते, तो २०१८च्या जुलैपासून मंदावू लागला. घरी इंदूरला कळवलं, तर आईचा पहिला प्रश्न, "अगं, मग तुझं आता कसं होणार?"

त्याचं नाव जीआरएस १९१५+१०५. खरं तर ही जोडी आहे: एक साधा तारा आणि सूर्याच्या सुमारे बारा पट वस्तुमानाचं कृष्णविवर. जवळजवळ ३४ दिवसांत त्यांची एकमेकांभोवती एक फेरी होते. ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, त्याच्याभोवती तबकडीसारखा फिरतो आणि इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. आपलं वातावरण ते अडवतं, म्हणून मोजायला उपग्रह लागतात.

१९९२ मध्ये ही जोडी अचानक उजळली. अशा जोड्या बहुधा काही आठवडे किंवा महिने तळपून शांत होतात. ही मात्र २६ वर्षं तळपत राहिली. १९९६ पासून आरएक्सटीई उपग्रहाने तिचं तेज नोंदवलं. तो २०१२च्या सुरुवातीला बंद झाला, पण अंतराळ स्थानकावरचं जपानी मॅक्सी यंत्र २००९ पासूनच कामाला लागलं होतं. दोन यंत्रांचे आकडे एका आलेखावर आणायचे, तर क्रॅब नेब्युलाचं तेज माप धरून जुळवावे लागतात. माझे पहिले कित्येक महिने त्यातच गेले. मी शाळेतही जात नव्हते, तेव्हाच्या नोंदी कुणीतरी नीट जपल्या होत्या. म्हणूनच हे मंदावणं नेहमीच्या चढउतारातलं नाही, हे ओळखता आलं.

२०१९ मध्ये क्ष-किरण आणखी घटले. पण रेडिओ दुर्बिणींना भडके दिसतच होते. कृष्णविवराला वायू मिळणंच थांबलं असतं, तर हे भडकेही थांबले असते. म्हणजे आतली भट्टी चालू होती, मध्ये दाट वायूचा पडदा आला होता. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या पडद्यावरच झालं.

ही जोडी गरुड तारकासमूहात आहे, श्रवण ताऱ्याच्याच भागात. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही. पण मॅक्सीच्या नोंदी इंटरनेटवर सगळ्यांना खुल्या आहेत. तुमच्यापैकी कुणी कॉलेजात फिजिक्स घेतलं असेल, तर तो आलेख जरूर उघडून बघा. त्यावर अजून नवे ठिपके पडताहेत.