मूलगुण सांभाळून कॅटलोनियात

परदेशातून परतलं की मंदिरात भेटणाऱ्या बायका आधी एकच विचारतात, "तिकडं खाल्लंस काय गं?" समुद्र, इमारती, संग्रहालयं सगळं नंतर. प्रश्न रास्तच आहे. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यातला कॅटलोनिया हा प्रांत खाण्यापिण्यासाठी नावाजलेला, आणि मी मद्य, मांस, मध नि पंच उदुंबर वर्ज्य असलेली बेळगावची बाई. त्यात कांदा-लसूण बारा महिने बंद. लेक बार्सिलोनात नोकरीला आहे, म्हणून जूनमध्ये महिनाभर राहून आले.

तिथले लोक पाहुण्याला जे हमखास खायला सांगतात त्याची यादी लेकीनं पहिल्याच दिवशी वाचून दाखवली. कालसोत म्हणजे लांब, कोवळे कांदे. हिवाळ्याच्या अखेरीस ते जाळावर काळे होईस्तोवर भाजतात, वरचं साल ओढून काढतात आणि बदामाच्या लाल चटणीत बुडवून खातात. वाल्स गाव त्यासाठी प्रसिद्ध. एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी, ढबू मिरची आणि कांदा, वरून ऑलिव्हचं तेल. आपल्या भरताची बहीणच, फक्त ठेचायची नाही, लांब पट्ट्या काढायच्या. क्रेमा कातालाना म्हणजे दालचिनी नि लिंबाच्या सालीचा वास असलेलं घट्ट दूध, वर साखर पसरून तापल्या लोखंडानं जाळलेली. त्याचा वास आपल्या कुंद्याच्या कढईजवळ नेतो, पण आत अंड्याचा बलक. यादी संपली तेव्हा लेक म्हणाली, "आई, तुझ्यासाठी यात काहीच नाही."

मला मात्र त्या यादीत एक ओळखीची गोष्ट दिसली. तिथलं खाणंही तिथीवर चालतं. क्रेमा १९ मार्चला, संत जोसेफच्या दिवशी. १ नोव्हेंबरच्या सुमारास भाजलेली चेस्टनट आणि पानेल्लेत, म्हणजे बदाम-साखरेचे लाडू. त्यांना बाहेरून चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे चिकटवतात. (आपल्या बायकांनी विचारून घ्यावं, आतल्या सारणात बटाटा किंवा रताळं असू शकतं.) २३ जूनच्या रात्री संत जॉनची कोका, म्हणजे साखरेत मुरवलेली फळं लावलेली गोड रोटी. ईस्टरच्या आधी त्यांचा मांसत्यागाचा काळ असतो. तेव्हा घरात कागदाची एक म्हातारी टांगतात, तिला सात पाय. आठवडा संपला की एक पाय कापायचा. चातुर्मासात दिवस मोजणाऱ्या आपल्या पोरांना ही म्हातारी फार आवडली असती.

वाइनबद्दल बोलायचं तर मी ती चाखली नाही, पण द्राक्षमळे पाहिले. अथणी-विजापूरकडची द्राक्षं नि बेदाणे पाहिलेल्या बाईला वेलींची उत्सुकता असणारच. सान सादुर्नी दानोया हे कावा या फसफसत्या वाइनचं गाव. तिथं वाइन बाटलीत भरून पुन्हा एकदा आंबवतात आणि निदान नऊ महिने तळघरात ठेवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा नावाच्या किडीनं तिथल्या वेली मारल्या. नव्यानं लागवड करताना पांढऱ्या द्राक्षांवर भर दिला गेला, आणि कावाला जोर आला.

दक्षिणेला प्रिओरात. काळ्या पाटीच्या दगडाच्या उतारांवर वेली, जमीन अशी की पाण्यासाठी मुळं खोल खडकात शिरतात. या मुलखाला वाइनची कला दिली ती बाराव्या शतकात स्थापन झालेल्या स्काला देई मठातल्या कार्थुझियन साधूंनी. प्रिओरात हे नावही मठाच्या प्रमुखावरून पडलेलं. हे साधू मौन पाळत, आणि मांस आयुष्यात कधीच खात नसत. मठ १८३५ मध्ये ओस पडला. त्या पडक्या भिंतींपाशी मी बराच वेळ उभी होते. मांस सोडणारे पण मद्य गाळणारे साधू! त्यागाची रेघ प्रत्येक परंपरेनं वेगळ्या जागी ओढलेली असते, पण रेघ ओढावीशी वाटणं मात्र सारखंच.

खरी परीक्षा त्याच भागातल्या एका गावात झाली. लेकीच्या मैत्रिणीच्या आईनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. बाई माझ्याच वयाची, सकाळपासून राबलेली. टेबलावर एस्कालिवादा, बेदाणे नि पाइनचे दाणे घालून परतलेला पालक, ताजं चीज आणि वाटीभर मध. पालकात लसूण. मी एकेका ताटलीला हात जोडत गेले आणि त्या माउलीचा चेहरा उतरत गेला. लेक माझ्या कानाशी आली. "आई, एक घास घे ना. तिला किती वाईट वाटतंय."

मला लेकीचा राग आला नाही. माझ्या सासूबाईंनी मला शिकवलं होतं की वाढलेलं ताट परत करू नये, आणि घेतलेलं व्रत मोडू नये. ही दोन्ही वाक्यं एकाच टेबलावर आमनेसामने येतील हे त्यांना कुठं माहीत होतं! मी लेकीला म्हटलं, "वाईट वाटू नये म्हणून व्रत मोडलं, तर तिच्यासमोर मी खोटी बसेन. तू तिला सगळं नीट सांग. मी काय खात नाही ते सांगितलंस, आता काय खाते तेही सांग."

लेकीनं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं आणि उठून एक पिकलेला टोमॅटो आणला. अर्धा कापला, खरपूस पावाच्या जाड कापावर घासला. गर पावात जिरला, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ. याला पा आंब तोमाकेत म्हणतात, आणि हेच त्यांचं रोजचं, घरोघरचं खाणं. काहीजण आधी लसूण घासतात. तिनं विचारून टाळला. मग मातो, म्हणजे ते ताजं चीज. ते कशानं विरजलं हे मी विचारलं, कारण जनावराच्या जठरातलं रेनेट असेल तर आपल्याला चालत नाही. तिनं वाळलेल्या जांभळ्या काटेरी रानफुलांचे तुरे दाखवले. त्यांच्या पाण्यानं दूध फाटतं. मधाऐवजी साखर घालून मी दोनदा घेतलं. शेवटी बदाम, हेझलनट, बेदाणे, सुके अंजीर. अंजीर बाजूला सारलं, ते उदुंबरातलं.

पाण्यासाठी तिनं कांतीर पुढं केला. मातीचा, वर कडी असलेला, बारीक तोटीचा घडा. ओठ न लावता वरून धार घशात सोडायची. वाइनही ते पोर्रो नावाच्या काचेच्या भांड्यातून अशीच पितात. उष्टं न करता तांब्यानं वरून पाणी पिण्यात आपला जन्म गेला. माझा थेंबही सांडला नाही. ती हसली, लेकीलाही हसू आलं. मी नेलेला कुंदा तिनं चाखला आणि विचारलं, "हे भाजलेलं मातो आहे का?"

परतीच्या गाडीत लेक म्हणाली, "मी इथं अंडं खाते, तुला माहीत आहे?" मला माहीत होतं. म्हटलं, "तुझ्या ताटात डोकवायला मी आले नाही. पण उद्या तू काही सोडलंस, तर ते लाजत सोडू नकोस."

आता जाणाऱ्या बायकांसाठी. शक्यतो जूनमध्ये जा. तेव्हा सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे दोन घटिका आधी उठायचं तरी साडेआठपर्यंत जेवता येतं. डिसेंबरात तो साडेपाचच्या आत मावळतो, आणि ते लोक रात्री नऊला जेवतात. 'सेन्से' म्हणजे 'विना' हा शब्द पाठ करा. सेबा म्हणजे कांदा, आल्य म्हणजे लसूण, ओऊ म्हणजे अंडं, मेल म्हणजे मध. गोड रोट्यांत डुकराची चरबी असू शकते, तिला ते साजी किंवा ल्यार्त म्हणतात. पालकातही कधी मांसाचे तुकडे असतात. म्हणून 'शाकाहारी' एवढंच सांगून थांबू नका, एकेक जिन्नस विचारा. सोबत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असू द्या. आणि कुणी घरी बोलावलं तर नक्की जा.